पाठमोरी चाल

सासूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून. आमचं लग्न ठरलेलंच होतं, फक्त घर बघायला म्हणून मी आईबाबांबरोबर गेले होते. आतल्या खोलीचा पडदा पाठीनं ढकलत, हातात चहाचा भरलेला ट्रे घेऊन एक ठेंगणी बाई उलटी चालत बाहेर आली. दोन खुर्च्या, एक स्टूल आणि माझ्या बाबांचे लांबलचक पाय, सगळ्यांना वळसा घालून ती बरोबर टेबलापाशी थांबली, वळली आणि म्हणाली, "साखर कमी असली तर सांगा, लाजू नका." एक थेंब सांडला नव्हता. परतीच्या वाटेवर माझी आई म्हणाली, "मुलगा चांगला आहे. सासू मात्र जरा..." आणि तिनं हवेत बोट गोल फिरवलं.

मुलगा चांगलाच निघाला. फ्रिज दुरुस्त करतो आणि फ्रिजइतकंच बोलतो. त्यामुळे घरात बोलायला आम्ही दोघीच. मी बस स्थानकावर माइकवर गाड्या पुकारते, म्हणजे आवाजाचीच भाकरी खाते. घरी आल्यावर तरी हळू बोलेन अशी माझ्या नवऱ्याची आशा होती, ती पहिल्याच महिन्यात मावळली. सासूबाईंचा आवाज माझ्याहून वरचा. पहिली काही वर्षं आमच्यात रोज जुंपायची आणि खालच्या मजल्यावरची माणसं म्हणे रेडिओ बंद करून ऐकायची. नवरा म्हणायचा, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." हे तो आईबद्दल म्हणायचा की बायकोबद्दल, ते आम्ही दोघींनी विचारूनही त्यानं कधी सांगितलं नाही. शहाणा आहे.

त्या उलट्या का चालतात, हे मला लग्नानंतर कळलं.

बंदराच्या मागं जुना दोरखाना आहे. गावातलं सगळ्यात लांब छप्पर. दोनशे वर्षांपूर्वी जहाजांचे दोर वळायला बांधलेला. दोर जितका लांब हवा तितकी इमारत लांब, असा साधा हिशेब. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दगडी भिंत. बायका अंबाडीच्या धाग्यांचा पुंजका कमरेभोवती गुंडाळायच्या, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्याला अडकवायच्या आणि पुंजक्यातून बोटांनी धागा सोडत सोडत मागं मागं चालायच्या. चाक फिरेल तसा धाग्याला पीळ बसायचा. भिंतीपर्यंत पोचलं की एक सुतळी झाली. मग सरळ चालत परत चाकापाशी यायचं, नवा धागा अडकवायचा आणि पुन्हा मागं. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून दोरखाना बंद पडेपर्यंत हेच केलं. गल्लीतली पोरं या बायकांना उलट्या पायाच्या म्हणायची आणि संध्याकाळी त्या रांगेनं घरी निघाल्या की पळून जायची. माझा नवरा पोटात असतानाही त्या चालतच होत्या. तो जन्मला तोही पायाळू. "आईवर गेलाय, पाय आधी," असं तेव्हा त्यांची चाकवाली म्हणाली होती, आणि ते वाक्य आमच्या घरात अजून प्रत्येक वाढदिवसाला म्हटलं जातं.

चाकवालीबद्दल सांगायलाच हवं. मागं चालणाऱ्या बाईला पाठीमागचं दिसत नाही. तिचे डोळे म्हणजे चाक फिरवणारी. तीच तिच्याकडे तोंड करून उभी असते, तिलाच सगळं दिसतं. वाटेत कुणी आलं, काही पडलं, तर चाकवाली हनुवटी डावीकडे नाहीतर उजवीकडे हलवायची, आणि चालणारी तिकडे सरकायची. भिंत जवळ आली की हाक द्यायची, "भिंत गं!" दिवसभरात तिला एवढंच बोलायचं असायचं, कारण चाकाच्या आवाजात दुसरं काही ऐकू जात नसे. बाकीच्या गप्पा तोंडाच्या हालचालींवर. सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर आम्ही एकमेकींकडे बघत लांब जायचो. तिचं तोंड बटणाएवढं व्हायचं, मग परत थाळीएवढं. नवऱ्याचा चेहरा मी इतका बघितला नाही." चाकवालीचे दोन नियम होते. नजर हलवायची नाही आणि चाक थांबवायचं नाही. एकदा तिच्या घरून वाईट बातमी आली. तरी समोरची भिंतीपर्यंत पोचेतो तिनं चाक सोडलं नाही आणि डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. मग खाली बसून रडली.

चाकवाली आता नाही. दोरखाना तर तिच्याही आधी गेला. नायलॉनचे दोर आले आणि अंबाडीला कुणी विचारीना. इमारत कबुतरांच्या ताब्यात गेली. सासूबाई बाजारात जाताना लांबच्या गल्लीनं जायच्या, पण त्या दाराकडे बघायच्या नाहीत. तिथं आता म्युझियम होतंय, नव्या चित्रकार-शिल्पकारांची कामं ठेवणार आहेत, अशी बातमी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मेलेल्याच्या घरी कसला पाहुणचार?" विषय संपला.

गेल्या वर्षी त्या पडल्या. भाजीची पिशवी घेऊन आमच्याच जिन्यावरून उतरत होत्या, शेवटची पायरी आहे असं त्यांना वाटलं आणि ती शेवटची नव्हती. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "जन्मभर उलटी चालले, कधी ठेच लागली नाही. सरळ चालले आणि आपटले." आम्ही सगळे हसलो. त्या बोलण्यात काही उपाय दडला असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, म्हणाले, "आता काठीचीही गरज नाही." पण सासूबाईंचा पाय उचलेना. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायच्या, आणि भिंत संपून दाराची मोकळी जागा आली की तिथंच खांबासारख्या उभ्या. समोर बघितलं की जमीन खाली जाते असं वाटतं, म्हणायच्या. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, फार गोड आणि फार चिवट. तिनं हात धरला की चार पावलं टाकायच्या, हात सुटला की थांबायच्या. एक दिवस तिनं मला जिन्यात गाठलं आणि स्पष्टच सांगितलं, "ताई, हाड बरं झालंय, भीती बरी नाही झाली. अशाच बसून राहिल्या तर पायातली ताकद जाईल, आणि गेलेली ताकद या वयात परत येत नाही. लांब, सपाट, पायऱ्या नसलेली जागा शोधा. तिथं न्या."

नणंदेचा फोन आलाच. तिचं घर तळमजल्यावर. "आईला माझ्याकडे पाठव, तिथं खुर्चीत बसून अंगण तरी दिसेल." तिचं म्हणणं वावगं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. मला सासूबाई आमच्याच घरात हव्या होत्या. भांडायला हव्या होत्या. खुर्चीत बसून अंगण बघणारी सासू मला नको होती, आमच्या आईसाहेब उलट्या चालत चहा घेऊन यायला हव्या होत्या. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं फक्त मान हलवली आणि आपटलेलं पातेलं उचलून ठेवलं.

लांब, सपाट आणि पायऱ्या नसलेली जागा आमच्या गावात एकच.

सरळ विचारलं असतं तर त्या आल्या नसत्या. म्हणून रात्री जेवताना मी सहज म्हणते आहे असं दाखवून म्हटलं, "आमच्या स्थानकावरच्या बायका बघून आल्या. दोरखान्यात म्हणे कुणा शिल्पकार बाईनं एवढा मोठा दोर वळून टांगलाय. झाडाच्या बुंध्याएवढा."

त्यांचा घास थांबला. "कुणी वळलाय?"

"कुणीतरी तरुण बाई आहे."

"कशाचा?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही असता तर सांगितलं असतं. पण तुम्हाला कुठं जमणार आता."

"काय जमणार नाही?" त्यांनी ताट सरकवलं. "तो पीळ बघायचाच आहे मला. उद्याच."

नवऱ्यानं पाण्याच्या पेल्याआडून माझ्याकडे बघितलं. तोही त्यांच्याच पोटचा, त्याला सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना जिन्यावरून उचलून खाली आणलं आणि रिक्षात बसवलं. म्युझियमच्या दाराशी चाकांची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवरून सासूबाईंचं आणि नवऱ्याचं वाजलं, कारण त्यांच्या मते असल्या खुर्चीत फक्त म्हाताऱ्या बसतात. त्यांचं चाललेलं असताना मी तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंकडून आतली माहिती घेत होते. त्या उत्साहानं सांगत होत्या, छपराचे सगळे वासे जुनेच ठेवलेत, फरशीला हात लावलेला नाही, खांबांवरचे आकडेसुद्धा तसेच आहेत. फक्त शेवटची दगडी भिंत काढली, कारण ती मुळात खचलेली होती, आणि तिच्या पलीकडे काचेचं नवं दालन जोडलं. "जरूर बघा, तिथून खाडी दिसते," त्या म्हणाल्या. मागं सासूबाई म्हणत होत्या, "बसते रे बाबा, बसते, पण ढकलू नकोस गाडीसारखी."

आम्ही आत गेलो. मी या गावात इतकी वर्षं राहते, बाहेरून ती इमारत रोज बघते, पण आत कधी शिरले नव्हते. एवढी लांब खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, लाकडी खांबांच्या रांगा, आणि शेवट दिसतच नाही, फक्त एक उजळ ठिपका. पायाखालचे दगड मधोमध झिजलेले. खांबांच्या रांगांमधून पन्हळीसारख्या उथळ वाटा गेल्या होत्या. आधी मला वाटलं पाणी वाहून पडल्या असतील. मग कळलं, या बायकांच्या पायांनी. कितीतरी पिढ्यांच्या सासवा-सुना तिथून मागं मागं गेल्या होत्या. ज्यांनी कुणी हे म्युझियम केलं, त्यांनी हे दगड बदलले नाहीत, गुळगुळीत केले नाहीत. त्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

सासूबाईंनी खुर्चीतून वाकून एका वाटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही माझी. खिडकीकडून दुसरी."

बाजूच्या खोल्यांत आधी जाऊ या म्हणाल्या. मला भीती होती की त्या नाकं मुरडतील, कारण तिथं काय एकेक वस्तू! एका खोलीत जमिनीवर मीठ पसरून त्यावर कुणीतरी समुद्राच्या लाटा काढल्या होत्या. एका भिंतीवर शेकडो जुन्या किल्ल्या सावल्यांसकट लावलेल्या. नवरा एका जळक्या फ्रिजसमोर बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "याचा कॉम्प्रेसर शाबूत आहे." सासूबाई मात्र प्रत्येक वस्तूपाशी खुर्ची थांबवायला लावत होत्या आणि एकच प्रश्न विचारत होत्या, "हे करताना हिचे हात किती दुखले असतील?" मिठाच्या लाटांपुढं त्या म्हणाल्या, "वाकून वाकून पाठीची चाळण झाली असेल बाईच्या. पण बघ, एक ओळ दुसरीला लागली नाही." मी एवढं बारकाईनं बघितलंच नव्हतं. त्यांच्यामुळे बघितलं.

एक खोली तर रिकामीच होती. पांढऱ्या भिंती आणि छताला एक भोक. त्यातून उन्हाचा चौकोन भिंतीवर पडलेला, आणि तो अगदी सावकाश सरकत होता. नवरा म्हणाला, "यात काहीच केलेलं नाही."

"म्हणून तर," सासूबाई म्हणाल्या. "मला बघत बसायला पहिल्यांदाच कुणी खोली दिली." त्या खोलीतून निघायला त्या तयारच होईनात.

शेवटी आम्ही मोठ्या दालनात परतलो, त्या दोरापाशी. तो खरंच झाडाच्या बुंध्याएवढा होता. वाशांवरून लोंबत जमिनीपर्यंत येऊन वेटोळं घालून पडलेला. अंबाडीचा नव्हे, कपड्यांचा. शिल्पकार बाईनं गावोगावच्या घरांतून जुने कपडे मागून आणले होते. पडदे, चादरी, शाळेचे गणवेश, कामगारांचे डगले, कुणाच्या बाळाचं दुपटं. सगळ्यांना पीळ देऊन तीन पेड केले आणि तीन पेडांचा एक दोर. सासूबाई त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. आता या काहीतरी खोट काढणार आणि इथल्या राखण करणाऱ्या मुलीशी आपलं भांडण होणार, असं मला वाटलं. ती मुलगी जवळच स्टुलावर बसून आमच्याकडेच बघत होती.

"फार सुंदर वळलाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वरपासून खालपर्यंत पीळ कुठं ढिला नाही. आणि आम्ही नुसती अंबाडी वळली गं. हिनं माणसांचे कपडे वळले. आम्हाला असं सुचलं नसतं." मग त्या राखणदार मुलीला म्हणाल्या, "त्या बाई भेटल्या तर सांग, दोरखान्यातल्या एका बाईला तुमचा दोर आवडला."

ती मुलगी स्टुलावरून उठली. "तुम्ही इथं काम करायचात?"

"करायचे म्हणजे काय! ते झिजलेले दगड बघ. त्यातली थोडी झीज माझी आहे."

मुलगी हसली आणि म्हणाली, "चाक बघितलंत का? ते पण ठेवलंय." तिनं बोट दाखवलं. दाराजवळच्या कोपऱ्यात लाकडी चाक उभं होतं, पुढं साखळी लावलेली. आम्ही आत येताना त्याच्या शेजारून गेलो होतो आणि सासूबाईंनी तिकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. खुर्चीच्या दांड्यांवर त्यांचे हात घट्ट झाले. चाकाशेजारची जागा रिकामी होती, तिथं उभं राहणारं माणूस आता नव्हतं.

"मला तिथं ने," त्या म्हणाल्या.

चाकापाशी गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि उभ्या राहिल्या. समोर ती लांबच लांब खोली. मी म्हटलं, "चला आई, हात धरते, दोन खांबांपर्यंत जाऊ." त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. समोर बघितलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "नाही गं. जमीन जाते खाली." त्या परत बसल्या. मी तोंड फिरवलं, कारण मला त्यांच्यापुढं रडायचं नव्हतं. एवढा खटाटोप करून इथं आणलं आणि इथंही तेच. नणंदेला फोन करावा लागणार, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं.

मी वळले तेव्हा त्या अंगावरची शाल काढून कमरेभोवती गुंडाळत होत्या.

"काय करताय?"

"तू तिथं उभी राहा. चाकापाशी. साखळीच्या अलीकडे चालेल." त्या परत उठल्या, या वेळी खुर्चीची पाठ धरून, आणि हळूच फिरल्या. आता त्यांची पाठ त्या लांब खोलीकडे होती आणि तोंड माझ्याकडे. "माझ्याकडे बघ. नजर हलवायची नाही. कुणी मध्ये आलं तर हनुवटीनं सांग. भिंत आली की हाक दे. दिवसभर माइकवर ओरडतेस, एकदा माझ्यासाठी ओरड."

"आई, पडाल तुम्ही," नवरा म्हणाला. आईला तो तुम्ही म्हणतो ते फक्त घाबरला की.

"पडायचं ते पडून झालंय. खुर्ची बाजूला घे."

त्यांनी खुर्ची सोडली. उजव्या हाताची बोटं शालीच्या टोकाशी गेली आणि नसलेला धागा सोडू लागली. मग एक पाय मागं गेला. पायाच्या बोटांनी दगड चाचपला, झिजलेली वाट सापडली, टाच टेकली. दुसरा पाय गेला. कुणाचा हात नाही, काठी नाही. नवरा दोन्ही हात पुढं करून शेजारून चालू लागला, तर त्यांनी त्याला डोळ्यांनीच हाकललं.

मी बघत होते. मी असं कुणाकडे कधी बघितलं नव्हतं. माझ्या लग्नातही नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती एकेका पावलाबरोबर सुटत गेली आणि एक वेगळीच बाई दिसायला लागली, कामातली, थोडी गर्विष्ठ, मला कधीच न भेटलेली. पावलं लांब पडू लागली. बोटं सारखी चालत होती. एक गृहस्थ फोटो काढायला म्हणून बरोबर त्यांच्या वाटेत उकिडवे बसले. मी हनुवटी डावीकडे नेली. सासूबाई तिकडे सरकल्या, वळूनही न बघता, आणि त्यांच्या बाजूनं निघून गेल्या. ते गृहस्थ दचकून उठले.

मग लोकांच्या लक्षात यायला लागलं. जो तो बाजूला सरकून उभा राहिला. हलक्या आवाजात कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारी एक जोडपं आलं आणि त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "ही पण कलाकृती आहे वाटतं. किती छान केलंय." एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. पण नजर हलवायची नव्हती. आणि खरं सांगू, तिचं काही चुकलंही नव्हतं.

त्यांचा चेहरा थाळीएवढ्याचा वाटीएवढा झाला, मग बटणाएवढा. त्या दोराजवळून, खिडक्यांच्या उजेड-सावलीच्या पट्ट्यांमधून त्या मागं मागं गेल्या. आणि अचानक थांबल्या.

त्यांच्यामागं काचेच्या दालनाचा उजेड होता. जुनी भिंत होती तिथं फरशीत एक काळी पट्टी बसवलेली होती, आणि त्या बरोबर तिच्या अलीकडे उभ्या होत्या. मी हाक दिली नव्हती, कारण हाक द्यायला भिंतच नव्हती. पण त्यांच्या पायांना माहीत होतं. त्यांनी डावा हात मागं नेला, पाठ टेकायच्या आधी भिंत चाचपतात तसा. हात हवेत गेला. आणखी मागं नेला. हवाच.

एवढ्या लांबूनही मला दिसलं की त्यांचे खांदे आवळले गेले. जिन्यावरची ती पायरी आठवली असणार. असायला हवं होतं ते नव्हतं. त्यांचा तोल डळमळला. राखणदार मुलगी त्यांच्याकडे धावू लागली, नवराही. ते पोचले असते, धरलं असतं, खुर्चीत बसवलं असतं, आणि मग त्या पुन्हा कधी उठल्या नसत्या, हे मला माझ्या हाताची बोटं ठाऊक असावीत तितकं ठाऊक होतं.

दोनशे वर्षांत या चाकापाशी उभ्या राहिलेल्या बायकांनी एकच हाक दिली होती. ती इथं उपयोगाची नव्हती. मी छातीत भरेल तेवढा श्वास घेतला आणि माझ्या तोंडून आलं ते माझ्याच स्थानकातलं, गच्च भरलेल्या गाडीत कंडक्टर रोज ओरडतात ते.

"मागं सरका, आई! मागं जागा आहे!"

ते शब्द त्या सगळ्या छपराखालून घुमत गेले. लोक दचकले. कुणीतरी हसलं. धावणारी दोघं जागच्या जागी थांबली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्या लांबच लांब खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, आणि मी मान हलवली. जोरात. पुन्हा पुन्हा.

त्यांनी पाय मागं टाकला. पट्टीच्या पलीकडे. मग दुसरा. जिथं जन्मभर भिंत होती, तिथून त्या आरपार गेल्या, उजेडात. तिथं उभ्या राहून त्यांनी हळूहळू मान वळवली आणि खाडी बघितली. बराच वेळ बघत होत्या. मग कमरेची शाल सोडून खांद्यावर टाकली.

सुतळी पूर्ण झाली की परत यायचं ते सरळ, चाकाकडे तोंड करून. त्यांच्या पायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्या निघाल्या. कुणाला न धरता, सरळ, माझ्या तोंडाकडे बघत, बटणाएवढ्याच्या वाटीएवढ्या, वाटीएवढ्याच्या थाळीएवढ्या. नवरा खुर्ची घेऊन मागून येत होता, रिकामी. त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. दम लागला होता, कपाळावर घाम होता.

"नजर हलवलीस?"

"नाही."

"मग हे काय?" त्यांनी पदरानं माझे गाल पुसले, जरा जोरातच. "चाकवालीनं रडायचं नसतं, बाई. दिसत नाही मग. चल, पुन्हा जाऊ."